परकी भाषा बोलायचा सराव एआयशी करता येतो का? (सांगली-मिरज-सातारकरांनो, अनुभव सांगा)

वारणाकाठची

नमस्कार मंडळी. मी मिरजेत स्टाफ नर्स आहे, जर्मनीला जायचं ठरलंय. जर्मनची बी१ पातळी झाली, आता तिच्या वरच्या बी२ ची तयारी. परिचारिका म्हणून पूर्ण मान्यता मिळवायला तिकडं बहुतेक राज्यांत बी२ मागतातच, म्हणजे सुटका नाही. वाचन-लेखनाचं काही वाटत नाही, घोडं अडतं ते बोलण्यात. सांगली-मिरजेत जर्मन बोलणारं माणूस आणायचं कुठून? क्लास ऑनलाइन. एकेका तासाला माझ्या वाट्याला दोन-तीन वाक्यं येतात, त्यातलं पहिलं "माझा आवाज येतोय का?" मॅक्स म्युलर भवन (गोएथे संस्थेचं जर्मन शिकवणारं केंद्र) पुण्यात, दोनशेहून जास्त किलोमीटरवर. शिफ्ट सांभाळून ते काय जमायचं!

म्हणून गेले काही महिने ड्युटी संपली की फोनवर एआयच्या व्हॉइस मोडशी जर्मनमधून गप्पा मारते. सासूबाईंना आधी वाटलं मी कुणाशी तरी रोज भांडते. माझ्या मते फरक पडलाय, जीभ सुटलीय. बरोबरची मैत्रीण म्हणते, वेळ घालवतेस, ते यंत्र सगळ्याला होच म्हणतं.

तर प्रश्न असा की असा सराव करून पुढं खऱ्या माणसासमोर बोलता आलं, असं कुणी आहे का इथं? आणि करायचाच तर कसा करावा?

तासगावचा_बेदाणा

मी केला इंग्रजीचा सराव. मुलाखतीत साहेबानं पहिलाच प्रश्न विचारला आणि मी म्हणालो, "व्हॉट अ ग्रेट क्वेश्चन!" नोकरी लागली नाही.

गलाईवाला

ताई, राग मानू नका पण आमच्याकडं बघा. विटा, खानापूर, आटपाडीकडची माणसं सोन्याचांदीच्या गलाईला (गाळून शुद्ध करायच्या धंद्याला) सगळ्या देशभर पांगलीत. माझा चुलता शाळा सोडून कोइमतूरला गेला. ना क्लास, ना पुस्तक. वर्षभरात तमिळ असं बोलायला लागला की तिथल्या सोनारास्नी कळंना ह्यो मराठी माणूस हाय म्हणून. चुकलं की समोरचा हसायचा, न्हाईतर सोन्याचा हिशोब चुकायचा. पोटाला चिमटा बसला की भाषा येती. फोनवर चुकलं तर काय हुतंय? काय बी न्हाई. मग शिकायचं कशापायी?

बुधगावच्या_बाई

गलाईवाल्यांचं निम्मं पटलं. पण चुलते कोइमतूरच्या पेठेत होते, रोज दहा माणसं दारात यायची. ह्या मुलीनं जर्मन माणूस बघायला कुठं जायचं, गणपती मंदिरापाशी उभं राहायचं का?

मी बरीच वर्षं जर्मन शिकवते. मला दिसलेला फरक सांगते. पूर्वी मुली बी१ च्या तोंडी परीक्षेत गप्प व्हायच्या. नियोजनाचा भाग असतो, दोघांनी मिळून सहल नाहीतर पार्टी ठरवायची. आपल्या मुलींना प्रश्न समजायचा, उत्तरही माहीत असायचं, पण तोंड उघडायचं नाही. घरी एआयशी बोलणाऱ्या मुली आता गप्प राहत नाहीत. हे श्रेय त्याला द्यायलाच हवं.

आता दुसरी बाजू. ह्याच मुली जोडीदाराचं ऐकत नाहीत. गोएथेच्या परीक्षेत जोडीदारही आपल्यासारखाच उमेदवार असतो, अडखळणारा, कधी चुकीचं बोलणारा. त्याला सांभाळून घेत, "म्हणजे तुला असं म्हणायचंय का?" असं विचारत संभाषण पुढं न्यावं लागतं. एआय कधी अडखळत नाही, त्यामुळे ही सवयच लागत नाही. समोरचा थांबला की ह्या आपलं पाठ भाषण सुरू करतात. परीक्षेच्या एका भागाला (मॉड्यूलला) १०० पैकी ६० गुण लागतात, तेवढे मिळून जातात. पण वॉर्डात पेशंट थांबला तर काय करणार?

अजिंक्यतारा_सातारा

माझी जपानीची गोष्ट. जेएलपीटी ह्या जपानी भाषेच्या परीक्षेची एन३ पातळी पास आहे. बाहेरच्यांना माहीत नसतं, पण जेएलपीटीत बोलण्याची परीक्षाच नसते. शब्द, व्याकरण, वाचन, ऐकणं, संपलं. सगळं गोल रंगवून पास होता येतं. त्यामुळे एन३ वाला मी जपानी पाहुण्यांसमोर नुसता वाकून वाकून नमस्कार करत होतो.

मग एआयशी सराव सुरू केला. सकाळी फिरायला जाताना कानात इअरफोन घालून. चार भिंतीवर (साताऱ्याच्या हुतात्मा स्मारकापाशी) ओळखीचे लोक भेटले की लाज वाटायची, आता नाही वाटत. फायदा खरा झाला तो क्रियापदांची रूपं पटापट तोंडात यायला. तोटा असा की एआय माझ्याशी कायम अदबीच्या भाषेत बोलायचं, पाहुणे मात्र आपापसात घरगुती भाषेत. ते निम्मं डोक्यावरून गेलं. नंतर मी त्याला सांगून ठेवलं, तू माझा कामावरचा जुना दोस्त आहेस, त्याच सुरात बोल. तेव्हा बरं झालं.

तासगावचा_बेदाणा

अजिंक्यताराराव, चार भिंतीवर एकटाच वाकून नमस्कार करणारा तो माणूस तुम्हीच होय! आम्ही सुट्टीला आलो होतो, आम्हाला वाटलं हुतात्म्यांना करतोय.

अजिंक्यतारा_सातारा

त्यांना आधी करतो, मग जपानी सुरू.

कृष्णाकाठचा_कोडर

मैत्रीण म्हणते "सगळ्याला होच म्हणतं", त्यामागचं कारण सांगतो, थोडं लांबेल.

बऱ्याच ॲपांत तुमचा आवाज आधी अक्षरांत उतरवला जातो, ती अक्षरं भाषेच्या मॉडेलकडे जातात, उत्तर तयार होतं आणि ते पुन्हा आवाजात येतं. गोम पहिल्या पायरीतच आहे. उतरवून घेणारी यंत्रणा संदर्भावरून अंदाज बांधते. चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयनं २०२२ च्या सप्टेंबरात खुलं केलेलं व्हिस्पर हे आवाज उतरवणारं मॉडेल ६,८०,००० तासांच्या ध्वनिमुद्रणांवर शिकवलेलं होतं. एवढं ऐकलेल्याला तुमचा अर्धवट उच्चारही कळतो. तुम्ही 'श्योन' (सुंदर) म्हणा नाहीतर 'शोन' (आधीच), वाक्यावरून तो नेमका शब्द ओळखून लिहून टाकतो. कधी कधी व्याकरणाची चूकही वाटेतच दुरुस्त होते. मग मॉडेलला तुमची चूक दिसणार कशी? त्याच्यापर्यंत आलेलं वाक्य बरोबरच असतं!

आवाजावरच थेट काम करणारी मॉडेलं आता आहेत, २०२४ च्या मे महिन्यात ओपनएआयचंच जीपीटी-४ओ जाहीर झालं ते त्या जातीचं. त्यांना सूर, घाई, अडखळणं कळतं. पण उच्चाराचा कडक मास्तर म्हणून त्यांच्यावर विसंबू नये. "माझा उच्चार कसा होता?" विचारलं की "छान" म्हणायचा कल असतोच. २०२५ च्या एप्रिलमध्ये तर जीपीटी-४ओचा एक बदल कंपनीला मागे घ्यावा लागला, कारण ते वापरणाऱ्यांची अती खुशामत करत होतं.

उपाय साधा आहे. फोनच्या कीबोर्डात जर्मन घाला आणि माइक दाबून सुटे शब्द बोला, वाक्य नाही. 'श्योन' आणि 'शोन', 'ड्र्युकन' आणि 'ड्रुकन', अशा जोड्या. संदर्भ नसला की अंदाज बांधणं अवघड जातं, बहुतेक वेळा जे ऐकू आलं तेच उमटतं. चूक लगेच समोर.

वारणाकाठची

@कोडर, आत्ता करून बघितलं. 'ड्र्युकन' म्हणजे दाबणं काही केल्या उमटेना, दर वेळी 'ड्रुकन' म्हणजे छापणंच येतंय. पेशंटचं पोट दाबायच्या ऐवजी छापणार मी.

आणखी एक अडचण. मी जरा थांबले की ते मध्येच बोलायला लागतं. जर्मनच्या पोटवाक्यात क्रियापद शेवटी. मी शेवटाला येऊन क्रियापद आठवते, तेवढ्यात हे महाशय उत्तर देऊन मोकळे. "मध्ये बोलू नकोस" सांगितलं तर "हो, नक्की" म्हणतं आणि पुन्हा तेच.

कृष्णाकाठचा_कोडर

सांगून उपयोग नाही. तुमचं बोलणं संपलं हे पुष्कळदा शांततेवरून ठरतं, आणि ते ठरवणारा भाग वेगळा असतो. तुमची सूचना ज्या मॉडेलला कळते त्याच्या हातात ते नसतं. बटण दाबून धरून बोलायची सोय असलेलं ॲप घ्या. नाहीतर साध्या चॅटमध्ये माइकवरून बोलून वाक्य पूर्ण झालं की मगच पाठवा.

बुधगावच्या_बाई

दुसरा उपाय. थांबायचं असेल तेव्हा जर्मन माणसं गप्प बसत नाहीत. "आल्झो...", "नुन या...", "व्ही झागt मान..." असं काहीतरी तोंडात घोळवत राहतात. ते शिक. मशीनही गप्प राहतं आणि परीक्षकालाही बरं वाटतं.

(मध्ये इंग्रजी अक्षर घुसलं, 'झाग्ट' वाचा. चष्मा शोधते.)

डॉक्टर_मिरजवाला

हा धागा माझ्यासाठीच उघडलाय असं वाटलं. आम्हा डॉक्टरांना तिकडं फाखश्प्राखप्रुफुंग द्यावी लागते, म्हणजे वैद्यकीय भाषेची परीक्षा, बी२ च्या वरच्या सी१ पातळीची. वीस-वीस मिनिटांचे तीन भाग. आधी रुग्णाशी बोलून इतिहास घ्यायचा, मग तो लिहून काढायचा, मग वरिष्ठ डॉक्टरला केस सांगायची. रुग्णाशी सोप्या भाषेत, वरिष्ठाशी लॅटिन नावांत. तोच आजार, दोन तऱ्हांनी.

ह्या कामाला एआय उत्तम. मी त्याला रुग्ण करतो. पण सुरुवातीचे रुग्ण फारच शहाणे निघाले. "मला तीन दिवसांपासून उजव्या बाजूला खाली दुखतंय, आधी बेंबीपाशी होतं, मळमळ आहे, ताप आहे." अहो, असा रुग्ण मिरजेत कधी भेटला नाही, जर्मनीत तरी का भेटावा? पुस्तकातलं अपेंडिसायटिस चालत आलं होतं.

आता मी सांगतो: तू पंच्याहत्तर वर्षांची आजी आहेस. विचारलं त्याचं उत्तर देत नाहीस, मांजराबद्दल बोलतेस, गोळ्यांची नावं आठवत नाहीत, "ती पांढरी गोल" एवढंच म्हणतेस. मुख्य तक्रार मी नेमका प्रश्न विचारल्याशिवाय सांगायची नाही. शेवटी माझ्या पाच चुका दाखव, कौतुक नको. हे शेवटचं वाक्य घातल्यापासून त्याची भाषा सुधारली.

वारणाकाठची ताई, तुम्हीही हेच करा. शिफ्ट बदलताना पेशंट सोपवणं, नातेवाइकाचा फोन, जेवायला नको म्हणणारे आजोबा. टेल्क ह्या भाषा-परीक्षा घेणाऱ्या संस्थेची नर्सिंगसाठी वेगळी बी१-बी२ परीक्षा आहे, तिच्यात असलेच प्रसंग येतात.

आणि एक गोष्ट सगळ्यांनाच सांगतो. खऱ्या पेशंटचं नाव, रिपोर्ट, खोली नंबर असलं काही सरावात बोलू नका. बोललेलं कुठं साठतं, किती दिवस राहतं, ते त्या त्या ॲपच्या सेटिंगवर असतं. सेटिंग बघतं कोण?

मिरजेचा_तानपुरा

जरा विषय सोडून. गूगलचा बोलणारा एआय, जेमिनी लाइव्ह, मराठीतही बोलतं. मी म्हटलं, "काय करायलायस?" तर ते म्हणालं, "मी आपली कशी मदत करू शकतो?" आपली! मी म्हटलं अरे लाजू नकोस, मिरजेचा आहेस असं समज. तर सतारीवर प्रवचन सुरू केलं.

गलाईवाला

बघा! आपल्या सांगलीचं मराठी त्येला बोलता येत न्हाई आन तुम्ही त्येच्याकडनं जर्मन शिकायलाय.

माणदेशी_फौजी

गलाईवाल्यांच्या पहिल्या मुद्द्याला जोड. आमचे आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते, दुसऱ्या महायुद्धात इटलीत. त्यांना मरेपर्यंत इटालियन येत होतं, तेही खाण्यापिण्याचं आणि रस्ता विचारण्याचं. लिहिता मराठीसुद्धा धड येत नव्हतं. पण गंमत अशी की घरी आल्यावर बोलायला कुणी नाही, तर ते म्हशीशी इटालियन बोलायचे. आजी चिडायची. म्हशीनं चुका काढल्या नाहीत आणि उत्तरही दिलं नाही, तरी भाषा टिकली. त्यामुळे फोनशी बोलण्यात काय वाईट आहे मला कळत नाही. फोन निदान उत्तर देतो.

तासगावचा_बेदाणा

आणि दूध म्हैस देते. दोन्ही ठेवा.

कराडकर_स्टुटगार्ट

उशिरा आलो, पण वारणाकाठचीच्या मूळ प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आहे. असा सराव करून इथं आलेला माणूस मी स्वतः आहे. नर्स नाही, कारखान्यात देखभालीला आहे.

पहिले काही आठवडे फार जड गेले. सुपरमार्केट, बस, डॉक्टरची चिठ्ठी, जिथं प्रसंग ठरलेला तिथं अडलं नाही. कारण तेच प्रसंग मी घरी घोळवून आलो होतो. कारखान्यात मात्र उभा राहिलो तो बघतच राहिलो. इथं स्वाबियन ही जर्मनची बोली बोलतात. 'इस्ट'चं 'इश' होतं, शब्दांच्या शेपट्या गळतात, कुठंही 'ले' लागतं. त्यात मशीनचा आवाज, तोंडाला मास्क, आणि तिघं एकदम बोलतायत. एआयनं मला कधी तिघं एकदम ऐकवले नव्हते. विहिरीत पोहायला शिकून पुराच्या कृष्णेत उडी टाकल्यासारखं झालं.

पण एक सांगतो, मी बुडालो नाही. माझ्याबरोबर आलेला एक मुलगा माझ्याहून जास्त शिकलेला होता, सी१ चं प्रमाणपत्र. तो चूक होईल म्हणून बोलायचाच नाही. मी चुकत चुकत विचारायचो, "पुन्हा सांगा, हळू सांगा, दाखवा." बोलायची लाज माझी मिरजेहून... म्हणजे कराडहूनच गेली होती. ती कुणी घालवली? त्या फोननंच.

बाईंनी म्हटलेलं खरं आहे, समोरच्याला न कळण्याचा सराव एआय देत नाही. तुमचं मोडकंतोडकं त्याला कळतंच. माणूस भुवया वर करतो, "वी बिट्टे?" म्हणतो, आणि तुम्हाला तेच वाक्य दुसऱ्या तऱ्हेनं सांगावं लागतं. माझी भाषा तिथून पुढं खरी वाढली. आजी-आजोबा पेशंट असले तर वारणाकाठचीला हे रोज होणार. बाडेन-व्युर्टेम्बर्ग (आमचं इथलं राज्य) आणि महाराष्ट्र सरकारचा २०२४ मध्ये करार झाला आहे, तुमच्यापैकी बरेच जण ह्याच भागात येतील. तेव्हा स्वाबियन ऐकायची सवय आत्ताच करा. इथल्या प्रादेशिक वाहिनीवरच्या म्हाताऱ्या लोकांच्या मुलाखती लावा. एआयला "स्वाबियन बोल" सांगितलं तर तो बोलतो, पण ती नक्कल. माझ्या शेजारणीला ऐकवली, ती पोट धरून हसली.

गलाईवाला

कराडकर, म्हंजे माझंच खरं झालं की. तिथं जाऊनच भाषा आली.

कराडकर_स्टुटगार्ट

तिथं जाऊन आली, पण तिथं जाऊन गप्प बसणारेही पुष्कळ आहेत दादा. तुमचे चुलते पेठेत पहिल्या दिवशी तोंड उघडायला लाजले नाहीत, हा त्यांचा स्वभाव. सगळ्यांना तो मिळत नाही.

गलाईवाला

ते बी खरं. चुलता लगीनघरात बी अनोळखी माणसाला जेवायला बसवून त्येच्याकडनं व्याजाचा दर काढायचा.

अजिंक्यतारा_सातारा

कराडकरांच्या "तिघं एकदम" वरून एक युक्ती. आम्ही तिघं मित्र आठवड्यातून एकदा फोनवर जपानी बोलतो, तिघांचंही कच्चं. एआयला चौथा म्हणून स्पीकरवर ठेवतो, पण त्याला फक्त शेवटी बोलायची परवानगी. एरवी आम्हीच एकमेकांचं न कळलेलं विचारत बसतो. कोण काय चुकलं ते तो शेवटी सांगतो. पूर्वी आमची बैठक पंधराव्या मिनिटाला मराठीत घसरायची, आता थोडी उशिरा घसरते.

डॉक्टर_मिरजवाला

ही कल्पना आवडली. बाईंनी सांगितलेला जोडीदाराचा प्रश्नही त्यात सुटतो.

बुधगावच्या_बाई

सुटतो, पण दोघांचीही चूक एकच असेल तर ती पक्की होते हे लक्षात ठेवा. महिन्यातून एकदा तरी जाणत्या माणसाकडून तपासून घ्या. आणि बी२ ला व्याख्यान आणि वाद असे दोन भाग असतात. वादात एआयला मुद्दाम विरुद्ध बाजू द्या, आणि स्पष्ट सांगा की माझं पटलं तरी हार मानायची नाही. नाहीतर दुसऱ्या वाक्याला तुमच्या बाजूनं येतं. माझी एक विद्यार्थिनी "सगळे वाद मी जिंकते" म्हणून खूश होती. परीक्षेतला जोडीदार निघाला कोल्हापूरचा.

तासगावचा_बेदाणा

अरेरे. मग जर्मन संपून कुस्ती सुरू झाली असेल.

वारणाकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. हट्टी आजोबा करून बघितले. सलाइन लावून घ्यायला तयार नाहीत, "आधी मुलाला फोन लाव" म्हणून बसलेत. मी चिडून मराठीतून बोलले, तर मराठीतूनच उत्तर दिलं. ते बंद करायला हवं, पळवाट आहे. आता सुरुवातीलाच सांगते की तुला मराठी येत नाही.

सुट्या शब्दांचा सराव सुरू आहे, 'ड्र्युकन' अधूनमधून उमटतं. माणसांचं म्हणाल तर आमच्या हॉस्पिटलातल्या आणखी दोघी बी२ करतायत. आजवर एकमेकींशी जर्मन बोलायचं कधी सुचलंच नाही, कँटीनमध्ये शेजारी बसून तिघी आपापल्या फोनशी बोलत होतो! रविवारी विश्रामबागेत भेटायचं ठरवलंय. कराडकर दादा, कधीतरी अर्धा तास आमच्याशी फोनवर बोलाल का? स्वाबियनमधून, आमच्यावर दया न करता.

कराडकर_स्टुटगार्ट

बोलतो की. उन्हाळ्यात आपल्यात साडेतीन तासांचा फरक असतो, हिवाळ्यात साडेचार. तुमचे रात्रीचे नऊ म्हणजे सध्या माझे साडेपाच, पाळी संपलेली असते. शेजारीण ऐंशीच्या पुढची आहे, तिलाच फोन देतो. तिला ऐकायला कमी येतं, त्यामुळे तुम्हाला ओरडून बोलावं लागेल.

वारणाकाठची

चालेल. सासूबाईंना आधी सांगून ठेवते.